सांब्रा ते सॅन फ्रान्सिस्को: सतरा तास, एकोणीस तास की बत्तीस तास?

खानापूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्या आई, वय ६६, डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला एकट्याच जाणार आहेत. अंतर सांगणाऱ्या एका वेबसाइटवर सांब्रा, म्हणजे आपला बेळगावचा विमानतळ, ते सॅन फ्रान्सिस्को १३,८०८ किलोमीटर आणि विमानाचा वेळ १७ तास ४० मिनिटे दिसतो. एजंटने दिलेल्या कागदावर सोमवारी संध्याकाळी ६ वाजता सांब्र्याहून निघायचं आणि मंगळवारी दुपारी १२:५० ला तिथे उतरायचं, म्हणजे बोटं मोजली तर १९ तासही होत नाहीत. आणि त्याच कागदावर खाली एकूण प्रवास ३२ तास २० मिनिटे. ते विचारतात, यातलं खरं कुठलं, एजंट लांबच्या वाटेनं नेतोय का, आणि घरचे म्हणतात तसं मुंबईहूनच पाठवावं का?

मी बेळगावात तिकिटांचाच धंदा करतो, बावीस वर्षं झाली. तेव्हा दुसऱ्या एजंटची बाजू घेतो असं वाटलं तर वाटू दे, पण तासांच्या बाबतीत त्यानं तुम्हाला फसवलेलं नाही. तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तुमच्या आईंना लागणारा आकडा या तिन्हींत नाहीच. त्या कागदात मला जे खटकलं ते तासांचं नाही, वेगळंच आहे. त्यावर येतो, पण आधी आकडे मोकळे करू.

माझ्या टेबलावर एक पृथ्वीचा गोल आहे आणि त्याला बांधलेला एक दोरा. गिऱ्हाईक बसलं की मी दोऱ्याचं एक टोक बेळगाववर आणि दुसरं ते जाणार असतील त्या गावावर धरून ताणायला सांगतो. भिंतीवरचा नकाशा बघून सगळ्यांना वाटतं की अमेरिका पश्चिमेला, म्हणजे विमान अरबी समुद्रावरून युरोपकडे जाणार. दोरा ताणला की तो सरळ उत्तरेला पळतो. उत्तराखंड, तिबेट, सैबेरिया, मग उत्तर ध्रुवाकडचा समुद्र, पलीकडे अलास्का आणि तिथून खाली सॅन फ्रान्सिस्को. या दोऱ्याची लांबी म्हणजे तुमचे १३,८०८ किलोमीटर. वेबसाइट एवढंच करते. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर काढते, त्याला ताशी ५०० मैलांनी, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटरनी भागते आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवते. करून बघा, १७ तास ४० मिनिटे बरोब्बर येतात. तिथे विमान आहे का, धावपट्टी किती, वाटेत काय आहे, याच्याशी त्या गणिताला काही देणंघेणं नाही. खानापूर ते येळ्ळूर विचारलंत तरी ते विमानाचा वेळ सांगेल.

आता त्या दोऱ्यावरून विमान का जात नाही? पहिली गोष्ट, सांब्र्याची धावपट्टी २,३०० मीटरची. ब्रिटिश हवाईदलानं १९४२ मध्ये हा तळ बांधला, नवी टर्मिनल इमारत २०१७ मध्ये झाली, पण अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान इथून उठत नाही, आणि परदेशी जाणाऱ्यांचा शिक्का मारायची सोयही इथे नाही. दुसरं, तिबेट. विमानात हवेचा दाब कमी झाला तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याच्या वर आहे. म्हणून कंपन्या त्या पठाराला वळसा घालतात. तिसरं, वारा. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून लंडनला जाताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा परतताना साधारण तासभर कमी लागतो, अंतर तेच. आणि चौथं, माणसांची भांडणं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. दिल्लीचं आणि अमेरिकेचं अंतर एका इंचानं वाढलं नव्हतं.

पण वेबसाइटचा आकडा अगदीच हवेतला आहे असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियानं सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळूर असं विनाथांबा विमान सुरू केलं. पहिल्या फेरीला कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या महिला वैमानिक होत्या, वाट उत्तर ध्रुवावरून, अंतर साधारण १४,००० किलोमीटर आणि वेळ १७ तासांच्या आसपास. म्हणजे एकाच दमात उडालं तर एवढंच लागतं. तुमच्या आई एकाच दमात उडणार नाहीत, फरक तिथे आहे.

दुसरा आकडा, तो १९ तासांचा, हा घड्याळाचा खेळ. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे साडेतेरा तास असतं. (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा.) सोमवार संध्याकाळ ६ ते मंगळवार दुपार १२:५० म्हणजे दिसायला १८ तास ५०. त्यात १३ तास ३० मिळवा. झाले ३२ तास २०. तुमचे दोन आकडे इथेच जुळले.

आता ३२ तास कुठे जातात ते बघू, कारण तुमचा संशय तिथे आहे. कागदाप्रमाणे सांब्रा-बेंगळूर १ तास २० मिनिटे. बेंगळूरला संध्याकाळी ७:२० पासून पहाटे ४:३० पर्यंत, म्हणजे ९ तास १० मिनिटे थांबायचं. बेंगळूर-दुबई ४ तास. दुबईत २ तास. दुबई-सॅन फ्रान्सिस्को १५ तास ५० मिनिटे. हवेत एकूण २१ तास १० आणि जमिनीवर ११ तास १०.

अंतराचा हिशेब लावला तर सांब्रा-बेंगळूर सरळ रेषेत सुमारे ४४५ किलोमीटर, बेंगळूर-दुबई २,७०० च्या आसपास, दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००. बेरीज १६,१५० च्या घरात. सरळ दोऱ्यापेक्षा साधारण २,३५० किलोमीटर जास्त, म्हणजे शंभराला सतरा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी हा वळसा वाईट नाही. फ्रँकफर्टवरून गेलात तर हीच बेरीज १७,००० ला टेकते. आणि गंमत म्हणजे दुबईहून दोरा ताणलात तर तो जवळजवळ ध्रुवावरूनच जातो, ध्रुवबिंदूपासून दोनशे किलोमीटरवरून. दुबई वाटेतच आहे म्हणा ना.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. टप्पा जेवढा छोटा, तेवढं विमान हळू पडतं. दुबईहूनचं मोठं विमान दारापासून दारापर्यंत ताशी ८२० किलोमीटरनी पडतं. सांब्रा-बेंगळूर १ तास २० मिनिटांत ४४५, म्हणजे ताशी ३३५. पंख्याचं एटीआर असेल तर ते मुळातच ताशी पाचशेच्या आसपास जातं, आणि धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, बेंगळूरच्या वर रांगेत घिरट्या घालणं, हे सगळं त्याच वेळेत धरलेलं असतं. तो दुबईचा वळसा आणि हा हळूपणा मिळून वेबसाइटच्या १७:४० पेक्षा हवेतला वेळ साडेतीन तासांनी वाढला. बाकीचे अकरा तास म्हणजे नुसतं बसणं. एजंटनं लांबची वाट धरलेली नाही, मधली जागा मोठी ठेवली आहे.

ती का ठेवली? इथे मला खटकलेली गोष्ट येते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं की ही दोन वेगवेगळी तिकिटं आहेत. कागद हातात घ्या आणि सहा अक्षरी पीएनआर बघा. सांब्रा-बेंगळूरला एक आणि दुबईवाल्याला दुसराच पीएनआर असेल, तर कंपन्यांच्या नजरेत तुमच्या आई दोन वेगळ्या प्रवासी आहेत. सांब्र्याचं विमान रद्द झालं, उशिरा आलं, तर दुबईवाली कंपनी म्हणणार, आमचं विमान तर वेळेवर गेलं, तुम्हीच आला नाहीत. तिकिटाचे पैसे बहुतेक गेले. एकाच पीएनआरवर सगळं असेल तर पुढचं विमान चुकलं तरी दुसरं देण्याची जबाबदारी कंपनीची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी येळ्ळूरच्या एका माणसाला मी दोहाचं तिकीट काढून दिलं, दोन पीएनआरचं, मध्ये साडेतीन तास. हजारभर रुपये वाचले म्हणून दोघंही खूश. महिना जुलै. सकाळपासून सांब्र्यावर ढग उतरले होते. धुकं नव्हे, ढगच, पावसाळ्यातलं बेळगाव ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. बेंगळूरहून आलेलं विमान दोन घिरट्या घालून परत गेलं. परत गेल्यावर आमच्या गिऱ्हाइकाला न्यायला उरलं काय? दोहाचं तिकीट बुडालं. चूक माझी होती, साडेतीन तास पुरतील असं मीच सांगितलं होतं. अर्धे पैसे मी भरले. तेव्हापासून माझा नियम ठरला: दोन पीएनआर असतील तर मोठ्या विमानतळाच्या गावात आदल्या दिवशी पोचायचं, नाहीतर सांब्र्याचं नाव घ्यायचं नाही. तुमच्या एजंटनं नऊ तास ठेवलेत, म्हणजे त्यालाही कधीतरी असा जुलै भेटलेला दिसतोय. डिसेंबरात ढगांचा त्रास कमी, पण सांब्र्याला दिवसाकाठी विमानं मोजकी. एक गेलं की पुढचं दुसऱ्या दिवशीच, असंही होतं.

दोन पीएनआरचा दुसरा त्रास सामानाचा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. देशातल्या साध्या तिकिटावर १५ किलो. म्हणजे ४६ किलो घेऊन आई सांब्र्याला उभ्या राहिल्या की ३१ किलोचे जादा पैसे तिथेच. वर, बॅगा थेट पुढे जात नाहीत. बेंगळूरला पट्ट्यावरून दोन्ही बॅगा उतरवून घ्यायच्या, विमान टर्मिनल १ वर आलं असेल तर बसनं टर्मिनल २ ला जायचं (परदेशी विमानं २०२३ च्या सप्टेंबरपासून तिथून जातात), आणि काउंटर उघडेपर्यंत, म्हणजे साधारण मध्यरात्रीपर्यंत, ट्रॉलीजवळ बसून राहायचं. साठी ओलांडलेली, मराठीशिवाय मोडकी हिंदी-कन्नड बोलणारी बाई, एकटी. मला त्या ३२ तासांतले हे पाच तास सगळ्यात जास्त टोचतात. पुढचे सोळा तास विमानात बसणं त्यापुढे सोपं.

आता मुंबई. आपल्याकडे मुंबईवर जीव आहे, आणि त्याला कारणं आहेत. भाषा आपली, गिरगाव-डोंबिवलीत कुणीतरी नातेवाईक असतोच, पूर्वी परदेशी जायचं तर दुसरी वाटही नव्हती. पण तास मोजाल तर मुंबई स्वस्त पडत नाही. सांब्र्याहून हवेतनं मुंबई अवघी ४०० किलोमीटर, रस्त्यानं मात्र खानापुराहून पाचशेच्या वर. हायवेवर कागल ते साताऱ्यापर्यंत कामं चालू असली की रात्रीची बस दहा तास घेते, कधी बारा. शिवाय नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू झालाय. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून गप्प बसू नका. उतरायचं उलव्याला आणि उडायचं सहारहून, असं निघालं तर मध्ये अख्खी मुंबई पार करायची आहे.

तरीही मुंबईचा एक मोठा फायदा आहे, आणि तो अंतराचा नाही: तुम्ही बरोबर जाऊ शकता. गाडीनं आदल्या दिवशी जायचं, नातेवाइकांकडे झोपायचं, बॅगा तुम्ही उचलायच्या आणि दारापर्यंत सोडायचं. तिथून पुढे एकच पीएनआर, एकदाच बॅगा देणं, एकच थांबा. बेंगळूरलाही हेच करता येतं. बेळगावहून रात्रीच्या गाड्या आहेत, ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. फक्त लक्षात ठेवा की विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर बाहेर आहे. बेंगळूरच्या रहदारीतले पस्तीस किलोमीटर म्हणजे किती तास, ते तिथल्या माणसालाही नक्की सांगता येत नाही. गोव्याचाही पर्याय लोक सुचवतात, मोपा जवळ वाटतं. एकट्या तरुणाला मी तेही काढून देतो, पण घाटातनं गाडी लागणाऱ्या माणसाला पहिल्याच दोन तासांत आडवं करून पुढे सोळा तासांच्या विमानात बसवू नये.

तेव्हा हे तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला दोन दिवस रजा मिळते का? आईंचे गुडघे कसे आहेत? मोबाइलवर आलेला मेसेज त्या वाचतात का? मला तुमच्या जागी ठरवायचं असतं तर मी आधी त्याच एजंटला विचारलं असतं, सांब्र्यापासून शेवटपर्यंत एकाच पीएनआरवर काही मिळतं का. देशातली कंपनी आणि बाहेरची कंपनी यांचा आपसात करार असेल तर मिळतं. थोडं महाग पडेल. पण बॅगा सांब्र्याला दिल्या की सॅन फ्रान्सिस्कोलाच घ्यायच्या, परदेशाचंच वजन लागू, आणि बेंगळूरचा थांबा चार-साडेचार तासांवर आणता येतो. असं मिळालं तर मुंबईचं नाव काढू नका. नाही मिळालं, तर आईंबरोबर आदल्या दिवशी मुंबई किंवा बेंगळूर, जिथे तुमचं माणूस आहे तिथे जा. आत्ता हातात असलेला कागद, म्हणजे दोन पीएनआर आणि एकटीनं नऊ तास, मी माझ्या आईसाठी घेतला नसता. चाळिशीतल्या, दहा वेळा जाऊन आलेल्या माणसाला मात्र हाच कागद मी बिनधास्त देतो.

तिकीट काढताना आणखी एक बघा, अमेरिकेत पाऊल पहिल्यांदा कुठे पडतं. जिथे पडतं तिथेच शिक्का आणि कस्टम, आणि बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या. न्यूयॉर्कवरून स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण घेतात, आणि पंधरा तास उडून आलेली आजी तिथे बॅगा शोधत फिरते. दुबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को म्हणजे ही भानगड लेकीच्या गावातच उरकते. येताना आपल्याकडे तोच नियम उलटा लागतो: बेंगळूरला उतरल्यावर शिक्का, बॅगा, कस्टम आणि मग सांब्र्याचं विमान. तिथे पाच तासांपेक्षा कमी अंतर मी ठेवत नाही.

आणि आत्ता डिसेंबरचं तिकीट काढलंत तरी सांब्र्याची वेळ पक्की धरू नका. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. उडान योजनेत इथून किती गावांना विमानं सुरू झाली आणि त्यातली किती गुपचूप बंद झाली, हे बेळगावकरांना सांगायला नको. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा.

व्हीलचेअर नक्की नोंदवा, निदान ४८ तास आधी. ‘आई चालतात हो’ असं सगळेच म्हणतात. पाय चालत असले तरी दुबईसारख्या ठिकाणी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायला मैलभर चाल पडते. शिवाय खुर्ची ढकलणारा माणूस शिक्क्याच्या रांगेत बरोबर असतो, बोर्ड तो वाचतो. भाषेचा अर्धा प्रश्न तिथे सुटतो.

शेवटी तो चौथा आकडा, जो कुठल्याच कागदावर नाही. खानापुरातल्या घरातनं दुपारी अडीचला निघालात, पलीकडे विमान उतरल्यावर रांगा, बॅगा आणि गाडी धरून लेकीच्या दारात त्यांच्या दुपारी तीनला पोचलात, तर झाले ३८ तास. डॉक्टरांना हाच आकडा सांगा, १७ नको आणि ३२ही नको. बीपीची, साखरेची गोळी घड्याळ साडेतेरा तास मागे गेल्यावर कशी घ्यायची हे त्यांनीच लिहून द्यायला हवं, आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये, चिठ्ठीसकट. विमानात दर दोन तासांनी उठून थोडं चालायला सांगा. लोणच्याची बरणी आणि कुंद्याचा डबा मोठ्या बॅगेत, आणि अमेरिकेत विचारलं की खायचं काय काय आहे ते सरळ सांगून टाकायचं.

आईंच्या मनगटावरचं घड्याळ वाटेत कुणाला बदलू देऊ नका. गोळ्यांसाठी ते खानापूरच्या वेळेवरच असू दे. पर्समध्ये एक पुठ्ठा ठेवा, वर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: दुबईत उतरल्यावर आपलं घड्याळ साडेआठ दाखवेल, तिथे सात वाजलेले असतील, पुढचं विमान तिथल्या नऊला, आपल्या साडेदहाला. खाली इंग्रजीत मुलीचा पत्ता आणि फोन. दोन प्रती काढा, एक पर्समध्ये आणि एक स्वेटरच्या खिशात.